जोड हवा कागदाइतकाच

नागपूरच्या दीक्षाभूमीवरील स्तूपाच्या घुमटाचा व्यास १२० फूट आहे. वास्तुकलेच्या विद्यार्थ्याने तो १:२०० या प्रमाणात फोम बोर्डमध्ये उतरवला, तर मॉडेलमध्ये तो जेमतेम १८ सेंटिमीटर भरतो. याच प्रमाणात ५ मिलिमीटर जाडीचा बोर्ड म्हणजे एक मीटर जाडीची भिंत होते आणि सांध्यातून बाहेर आलेला २ मिलिमीटरचा गोंदाचा ओघळ म्हणजे तब्बल ४० सेंटिमीटरचा फुगवटा. खऱ्या भिंतीला एवढे पोट आले तर ठेकेदाराचे बिल निघणार नाही. मॉडेलमध्ये मात्र ते सर्रास खपवून घेतले जाते. याचे मूळ स्टेशनरीच्या दुकानात विचारल्या जाणाऱ्या ठरलेल्या प्रश्नात आहे: ‘सगळ्यात पक्कं चिकटणारं काय आहे?’ फोम बोर्डसाठी हा प्रश्नच चुकीचा आहे. गोंद किती पक्का, यापेक्षा तो बोर्डचे काय करतो, हे आधी पाहायला हवे.

फोम बोर्ड म्हणजे दोन बाजूंना कागद आणि मध्ये पॉलिस्टायरीनचा फेस. थर्माकोलही याच कुळातले. या फेसात बहुतांश हवाच असते. हवेच्या असंख्य कप्प्यांभोवती प्लास्टिकच्या अतिशय पातळ भिंती, एवढाच त्याचा जीव. बोर्डच्या दोन टाकाऊ तुकड्यांचा काटकोनात जोड करून, पूर्ण वाळल्यावर तो ओढून पाहावा. बहुतेक वेळा गोंद सुटत नाही. फेसावरून कागद सोलून निघतो किंवा फेसच तुटतो. म्हणजे कागदाने फेसाला जेवढे धरले आहे, त्यापलीकडची गोंदाची ताकद वाया जाते. सुताराचे गणित वेगळे असते. फेविकॉल १९५९ साली आला तो शिजवून वापरायच्या सरसाला पर्याय म्हणून आणि लाकडाच्या जोडासाठी. तिथे गोंद लाकडाच्या तंतूंत शिरतो, वर माणसाचे वजन पेलायचे असते. मॉडेलच्या भिंतीला स्वतःपुरते उभे राहायचे असते. लाकडाची कसोटी फेसाला लावली की नको तिथे नको तेवढा गोंद ओतला जातो.

खरा धोका ताकद कमी पडण्याचा नाही, बोर्ड विरघळण्याचा आहे. रबरवर आधारित, उग्र वासाच्या गोंदांत टोल्यूइनसारखी द्रावके असतात. पॉलिस्टायरीन त्यांत सहज विरघळते, त्यामुळे एका थेंबाने फेसात खड्डा पडतो आणि कागद वर तसाच पोकळ राहतो. फेविक्विकसारखा झटपट गोंदही उघड्या फेसाला खातो. पांढऱ्या फेविकॉलमध्ये मात्र पाणी असते आणि पाणी पॉलिस्टायरीनला काहीच करत नाही. एका बोर्डची फेसाची कड दुसऱ्याच्या कागदावर बसते, तेव्हा गोंदातले पाणी कागद शोषून घेतो आणि जोड धरतो. काडीच्या टोकाने ओढलेली एक बारीक रेघ, वरून दोन टाचण्या आणि पंधरा-वीस मिनिटांचा धीर, एवढे बहुतेक सांध्यांना पुरते.

यावर पहिला आक्षेप वेळेचा. सबमिशनच्या आदल्या रात्री पंधरा मिनिटे कुणाकडे असतात? ग्लू गन काही सेकंदांत धरते, हे खरेच. पण पॉलिस्टायरीन साधारण १०० अंश सेल्सिअसला मऊ पडते आणि जास्त तापमानाच्या गनमधून गोंद १९० अंशांच्या आसपास बाहेर येतो. कमी तापमानाची गन १२० अंशांच्या जवळ चालते, म्हणून ती त्यातल्या त्यात बरी. शिवाय हा गोंद उष्णतेने वितळतो, तसाच उष्णतेने पुन्हा मऊही पडतो. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या घरात असताना उन्हात उभ्या बंद गाडीचा आतला भाग ६० अंशांपलीकडे जाऊ शकतो. तिथे ठेवलेल्या मॉडेलचे सांधे सरकले तर नवल नाही. म्हणून गनचे काम शिंप्याच्या कच्च्या टाक्यांएवढेच ठेवावे. तुकडा जागेवर धरायला आतून, दिसणार नाहीत असे दोन ठिपके द्यावेत; पक्की शिलाई पांढऱ्या गोंदाची. घुमटाच्या फासळ्यांवर वाकवलेला कागद पुन्हा सरळ व्हायला बघतो. तिथे हे टाके सर्वात कामाला येतात.

वैदर्भीय उन्हाळ्याचा आणखी एक पेच आहे. बाहेरची हवा कोरडी, तिथे पांढरा गोंद भराभर वाळतो. पण मॉडेल बनते कूलरच्या खोलीत आणि कूलर हवेत सतत ओलावा सोडत असतो. तिथे तोच गोंद रेंगाळतो आणि दोष मात्र डब्याला मिळतो. जोड कूलरच्या झोतापासून दूर, साध्या पंख्याखाली वाळू द्यावा. पावसाळ्यात तर दुप्पट वेळ धरूनच चालावे.

दुसरा आक्षेप असा, की पांढऱ्या गोंदाने मोठा कागद चिकटवला की बोर्ड वाकतो. तो बरोबर आहे. कागद पाण्याने फुगतो आणि वाळताना आकसून बोर्डला ओढतो. नकाशा किंवा जमिनीचा पोत लावायला म्हणूनच डबल टेप योग्य. तिसरा आक्षेप, ‘आमच्या बोर्डवर फेविकॉल धरतच नाही.’ अशा वेळी हातात बहुधा सनबोर्ड असतो. तो पीव्हीसीचा, त्याला कागदाचे आवरण नसते, तो पाणी शोषत नाही आणि तिथे फेविक्विकच चालते. हा पांढऱ्या गोंदाचा दोष नाही, दोन बोर्ड एकच समजल्याचा आहे. कापलेली कड पाहिली की फरक कळतो: दोन कागदांमध्ये फेस दिसला तर फोम बोर्ड, आरपार एकजिनसी प्लास्टिक दिसले तर सनबोर्ड.

थोडक्यात, फोम बोर्डच्या सांध्याला पांढरा गोंद, टाक्यांना कमी तापमानाची गन, मोठ्या पृष्ठभागाला डबल टेप आणि उग्र वासाच्या ट्यूबला दुरूनच नमस्कार. तरीही नवा गोंद घेतलाच, तर कापून उरलेल्या तुकड्याच्या कडेला एक थेंब लावून रात्रभर ठेवावा. सकाळी खड्डा दिसला, तर नुकसान त्या तुकड्याचेच झालेले असेल.