वाऱ्याला वाट ठेवणारी झाडे

हैदराबादच्या कोठी आणि सुलतान बाजार परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांचे मूळ मराठवाड्यात आहे, आणि त्या मराठवाड्यातील नांदेड जिल्ह्याचे अर्धापूर केळीसाठी प्रसिद्ध आहे. केळीच्या पानातील उपशिरा मध्यशिरेपासून कडेपर्यंत एकमेकींना समांतर जातात, त्यामुळे जोराच्या वाऱ्यात पान दोन शिरांच्या मधोमध चिरते. थोडे फाटणे झाडाला सोसते, पण पानांच्या चिंध्या झाल्या की अन्न तयार करण्याची त्यांची क्षमता घटते. उन्हाळ्यातील कोरडा वारा पानालगतचा दमट हवेचा थर वाहून नेतो, त्यामुळे बाष्पोत्सर्जन, म्हणजे पर्णरंध्रांतून होणारा पाण्याचा ऱ्हास, वाढतो आणि विहिरीतले पाणी अपुरे पडू लागते.

म्हणूनच महाराष्ट्रातील केळीच्या बागांभोवती शेवरी किंवा गजराज गवत वारारोधक म्हणून लावतात. मात्र वारारोधक जितका दाट तितका चांगला, हा समज चुकीचा आहे. हवेला आरपार जाऊ न देणाऱ्या भिंतीवरून वारा उसळतो आणि पलीकडे थोड्याच अंतरावर भोवरे घेत पिकावर उतरतो. याउलट सुमारे निम्मी जागा मोकळी असलेल्या ओळीतून थोडी हवा झिरपत राहते, वरून येणाऱ्या प्रवाहाला ती आधार देते आणि शांत पट्टा लांबवर टिकतो. या मोकळ्या जागेच्या प्रमाणाला सच्छिद्रता म्हणतात. अशा ओळीचा ठळक परिणाम झाडांच्या उंचीच्या साधारण दहा ते पंधरा पट अंतरापर्यंत जाणवतो, म्हणजे चार मीटर उंचीची शेवरी चाळीस मीटर किंवा त्याहून अधिक रुंदीच्या पट्ट्याला आडोसा देते. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने वेग निम्मा झाला तरी दाब एक चतुर्थांशच उरतो. अर्थात, घडाच्या वजनाने झुकलेली केळी मोडून टाकणाऱ्या वादळापुढे हे संरक्षण अपुरे पडते, आणि तेथे खोडाला टेकू देण्यावाचून गत्यंतर नाही.

अमेरिकेने १९३४ ते १९४२ या काळात धुळीच्या वादळांनी उजाड झालेल्या मैदानी प्रदेशात सुमारे २२ कोटी झाडांचे असे पट्टे उभारले. दख्खनच्या कोरडवाहू शेतीत मात्र अडचण वेगळी आहे: झाडांची मुळे पिकाच्याच वाट्याचा ओलावा ओढतात. हैदराबादच्या संतोषनगरात १९८५ पासून कार्यरत असलेली केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्था ज्या कृषिवनीकरणाचा, म्हणजे शेती आणि झाडे यांच्या एकत्र लागवडीचा, अभ्यास करते, त्यातील हा कळीचा प्रश्न आहे. झाडांची ओळ आणि पीक यांच्यामध्ये चर खोदून आडवी पसरणारी मुळे तोडणे, हा त्यावरचा जुना आणि परिणामकारक उपाय आहे. बांधावर सावली आणि मुळे शेजाऱ्याच्या शेतातही जातात, त्यामुळे लागवडीपूर्वीच त्याच्याशी बोलणी झालेली बरी.

ओळ नेहमीच्या वाऱ्याला काटकोनात आणि उंचीच्या किमान दहापट लांब असावी, कारण तिच्या टोकांना वळसा घालून वारा आत शिरतो. बैलगाडी किंवा ट्रॅक्टरसाठी मध्येच सरळ फट ठेवल्यास तेथून वारा उलट अधिक वेगाने घुसतो, म्हणून वाट तिरकी काढावी किंवा ओळीच्या टोकाबाहेरून न्यावी.