मशीनचंही लॉगिन असतं

ऑफिसच्या कोपऱ्यातल्या त्या थोराड मशीनमध्ये बिलाचा कागद घालायचा, पडद्यावर ‘अकाउंट्स’वर बोट ठेवायचं, की काही क्षणांत बिलाची पीडीएफ सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये हजर. मधे कोणाच्याही कॉम्प्युटरला हात लावावा लागत नाही. आपण त्या मशीनला प्रिंटर म्हणतो खरं, पण त्या घटकेला सर्व्हरच्या लेखी तो प्रिंटर नसतोच. युजरनेम-पासवर्ड घेऊन दारात उभा राहिलेला तो आणखी एक कर्मचारी असतो.

इंचाला 300 ठिपके या हिशेबाने ए-फोर कागद स्कॅन केला तर सुमारे 87 लाख ठिपके होतात. रंगीत असेल तर दर ठिपक्याला तीन बाइट, म्हणजे 2 कोटी 60 लाखांच्या आसपास. मशीनच्या पोटातला छोटासा प्रोसेसर हा ढीग दाबून काही लाख बाइटांवर आणतो आणि सर्व्हरच्या 445 नंबरच्या पोर्टवर थाप मारतो.

आता खरी गंमत. सर्व्हर विचारतो, तू कोण? मशीन नाव सांगतं, पण पासवर्ड सांगत नाही. तारेवर कोणी कान लावून बसलं असलं तर? एनटीएलएम या जुन्या पद्धतीत सर्व्हर आठ बाइटांचा एक मनमानी आकडा पाठवतो. मशीन आपल्या पासवर्डवरून काढलेल्या खुणेत तो आकडा गुंफून उत्तर धाडतं. सर्व्हरपाशीही ती खूण असते, त्यामुळे तोही तेच गणित करून पाहतो. दोन्ही उत्तरं जुळली की दार उघडतं. पुढच्या खेपेला आकडा वेगळा, म्हणून कालचं उत्तर चोरूनही आज कामाला येत नाही.

मशीन असं कर्मचाऱ्यासारखंच लॉगिन करतं, म्हणून त्याला स्वतःचं वेगळं खातं द्यावं, त्या एकाच फोल्डरमध्ये लिहिण्यापुरतं. घाईत साहेबांचंच युजरनेम घालून ठेवण्याची पद्धत सर्रास दिसते. मग साहेबांनी नियमाप्रमाणे पासवर्ड बदलला की दुसऱ्या दिवशी स्कॅनिंग बंद, आणि दोष केबलला.

या संवादाच्या भाषेला एसएमबी म्हणतात. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी ती घडवली, पुढे मायक्रोसॉफ्टने वाढवली. पण तिचा सगळ्यात विलक्षण अध्याय कॅनबेरात लिहिला गेला. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्याला आपला पीसी युनिक्स मशीनशी जोडायचा होता. तारेवरून जाणारी पाकिटं निरखून त्याने भाषेचे नियम ताडले आणि 1992च्या जानेवारीत आपला सर्व्हर जगाला फुकट देऊन टाकला. त्यातूनच ‘सांबा’ उभा राहिला. त्याच्या गटाने या कामाची रीत पुढे फार छान समजावली: परक्या देशातल्या कॅफेत बसायचं, शेजारचे लोक काय मागतात आणि वेटर काय आणून देतो ते पाहत राहायचं, भाषा आपोआप उलगडत जाते. फाइली साठवायला ऑफिसात जी छोटी नॅस पेटी असते, तिच्यात बहुधा हाच सांबा बसलेला असतो.

भाषा म्हातारी झाली की तिच्यातली भगदाडंही चव्हाट्यावर येतात. मे 2017 मध्ये वॉनाक्राय हा व्हायरस एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या एका दोषातून जगभर पसरला. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांचं काम अडलं. त्याच वर्षाच्या अखेरीपासून विंडोजच्या नव्या आवृत्त्यांनी ही जुनी बोली मुळातूनच वगळायला सुरुवात केली. परिणाम असा, की ठणठणीत चालणारी कित्येक जुनी मशीनं एके दिवशी सर्व्हरसमोर मुकी झाली, कारण त्यांना तेवढी एकच बोली येत होती. इंटरनेटवर यावर सल्ला मिळतो, ‘एसएमबी-वन परत चालू करा.’ माझं मत विचाराल तर, मुळीच करू नका. फर्मवेअरचं अपडेट शोधा, ते नसेल तर स्कॅन ईमेलने पाठवा.

आणि सगळं जागच्या जागी असूनही मशीन ‘ऑथेंटिकेशन फेल्ड’ म्हणत राहिलं, तर त्याचं घड्याळ पाहा. मोठ्या ऑफिसांत ओळख पटवायला कर्बेरॉस ही पद्धत असते. 1980च्या दशकात एमआयटीत जन्मलेली ही पद्धत वेळेची फार काटेकोर. चोरलेलं ओळखपत्र नंतर कोणी पुढे करू नये, म्हणून प्रत्येक विनंतीवर वेळेचा शिक्का असतो आणि साधारण पाच मिनिटांपलीकडचा फरक सर्व्हर चालवून घेत नाही. आपल्याकडे यात एक खास फसगत होते. पडद्यावरची वेळ बरोबर असते, भिंतीवरच्या घड्याळाशी तंतोतंत जुळते. पण टाइम झोन ग्रिनिचचाच राहिलेला असतो. सर्व्हरच्या हिशेबी मशीन साडेपाच तास भविष्यातून बोलत असतं. टाइम झोन +5:30 करायचा आणि वेळ हाताने न लावता सर्व्हरकडूनच घ्यायला सांगायचं.