विषबाधा झाली तर डबा सोबत न्या

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-मजूर दगावले. औषध पोटात गेले तरच बाधते असे नाही. ते कातडीतून, श्वासातूनही भिनते.

फवारताना चक्कर, मळमळ, दरदरून घाम, तोंडाला लाळ असे काही झाले की पंप उतरवा. माणसाला मोकळ्या हवेत न्या. भिजलेले कपडे काढून अंग साबणाने, भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात उडाले तर १५ मिनिटे स्वच्छ पाणी सोडा. औषध पोटात गेले असल्यास मीठ-पाणी पाजून ओकारी काढू नका, दूधही नको. बेशुद्धाच्या तोंडात काही घालू नका. कुशीवर निजवा आणि १०८ ला फोन लावा.

दवाखान्यात जाताना औषधाचा डबा, निदान लेबल तरी न्याच. सर्व विषांना एकच उतारा नसतो. सेंद्रिय फॉस्फरसच्या औषधांवर अॅट्रोपिन देतात. पॅराक्वाटवर तर उताराच नाही. नाव कळले की डॉक्टरांचा वेळ वाचतो.

म्हणूनच उरलेले औषध थंड पेयाच्या बाटलीत काढू नका. पोरे सरबत समजून पितात, अन् लेबलही हरवते. मूळ डब्यातच, कुलपात, धान्यापासून लांब ठेवा. रिकाम्या डब्यात पाणी-तेल भरू नका.

सरपंच, पोलीस पाटील यांनी १०८ आणि जवळच्या आरोग्य केंद्राचा नंबर पंचायतीच्या फळ्यावर आजच लिहावा. फवारणी कोणासाठी थांबत नाही.