गरोदरपणातील मधुमेह : इन्सुलिनला भिऊ नका

“डॉक्टर, पोटात बाळ असताना रोज सुई टोचायची? बाळाला काही झालं तर?” माजिवड्यातील माझ्या दवाखान्यात सातव्या महिन्यातील सुनेला घेऊन आलेल्या एका सासूबाईंचा हा प्रश्न. काळजी खरी, पण समज उलटा.

गरोदरपणी वारेत तयार होणाऱ्या संप्रेरकांमुळे आईच्या इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो. ही तूट स्वादुपिंडाला भरून काढता आली नाही, की रक्तातील साखर वाढते. वाढलेली साखर वारेतून बाळाकडे जाते. टोचलेले इन्सुलिन मात्र जवळजवळ जात नाही. म्हणजे बाळाला अपाय होतो तो साखरेने, सुईने नव्हे. बाळ प्रमाणाबाहेर वाढते, बाळंतपण अडू शकते आणि जन्मानंतर बाळाची साखर एकाएकी उतरू शकते.

म्हणून पहिल्याच तपासणीत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पिऊन दोन तासांनी रक्त तपासावे. साखर १४० किंवा अधिक असेल तर मधुमेह समजावा. कमी असली तरी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा तपासावे.

प्रथम दोन आठवडे आहार व चालणे. ‘दोन जिवांची’ म्हणून दुप्पट जेवू नये, उपवासही करू नये. भात बेताचा, भाकरी, उसळ, पालेभाजी थोडी थोडी, पण वेळेवर घ्यावी. एवढे करूनही जेवणानंतर दोन तासांची साखर १२० किंवा वर राहिली, तर औषध लागते. ते बहुधा इन्सुलिनच.

४० युनिटच्या बाटलीला ४० युनिटचीच सिरिंज वापरावी. बाटली फ्रीजमध्ये ठेवावी, पण बर्फाच्या कप्प्यात नको. इन्सुलिन घेऊन जेवण टाळू नये. घाम, थरथर, एकदम भूक जाणवल्यास तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यावी, मग काही खावे. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा साखर घ्यावी व डॉक्टरांना कळवावे. डोस मनाने बदलू नये.

“मग जन्मभर घ्यावं लागेल का?” सासूबाईंनी जाताना विचारले. बहुधा नाही. गरोदरपणीच सुरू झालेल्या मधुमेहात बाळंतपणानंतर इन्सुलिन बहुतेक वेळा थांबते. मात्र सहा आठवड्यांनी आणि पुढे दरवर्षी साखर तपासावी, कारण पुढे मधुमेह होण्याचा संभव अशा स्त्रियांत अधिक असतो. बारशाच्या गडबडीत ही तपासणी विसरली जाते. ती आठवण घरच्यांनीच ठेवावी.