गगनचुंबी इमारती आणि नागरी हवाई वाहतूक

मोठ्या शहरात विमानाने येणाऱ्या प्रवाशाचा बराच वेळ आकाशात न जाता विमानतळापासून कचेरीपर्यंतच्या रस्त्यावर जातो. यास्तव कचेरीच्या इमारतीवरच हवाई वाहन उतरविता आले तर हे अंतर नाहीसे होईल, असा विचार वास्तुशिल्पज्ञांच्या मनात विसाव्या शतकाच्या आरंभापासून घोळत आहे. या कल्पनेचा इतिहास पाहता असे आढळते की, तिच्यापुढील मुख्य अडचण उंच चढण्याची नव्हती. ती उंचावरील वाऱ्याची आणि खालच्या रस्त्याची होती.

इटालियन वास्तुशिल्पज्ञ आंतोनियो सान्तेलिया याने १९१४ मध्ये आपल्या ‘नव्या नगरा’च्या आराखड्यांत आगगाड्या व विमाने यांचे संयुक्त स्थानक रेखाटले. १९२२ मध्ये ल कॉर्ब्युझिए याने तीस लक्ष वस्तीच्या नगराची योजना मांडली. तीत प्रत्येकी ६० मजल्यांचे २४ मनोरे कचेऱ्यांसाठी योजिले होते आणि त्यांच्या मधोमध, रेल्वेस्थानकाच्या माथ्यावर, विमानांसाठी धावपट्टी दाखविली होती. उंच मनोऱ्यांच्या दाटीत विमानाने उतरावे कसे, या प्रश्नाचे उत्तर मात्र चित्रात नव्हते.

पहिली प्रत्यक्ष कसोटी न्यूयॉर्क येथे लागली. १९३१ मध्ये पूर्ण झालेल्या १०२ मजली एम्पायर स्टेट इमारतीच्या शिखरावर वायुनौका बांधण्यासाठी एक स्तंभ उभारण्यात आला होता. अशा स्तंभाला वायुनौकेचे केवळ नाक बांधले जाते. मागचा भाग वाऱ्याबरोबर फिरावयास मोकळा राहतो. पण वारा इमारतीच्या रुंद भिंतीवर आदळला की त्याचा काही भाग वर चढतो, आणि छताच्या कडेशी तो भिंतीपासून सुटला म्हणजे तेथे भोवरे निर्माण होतात. सप्टेंबर १९३१ मध्ये एक लहान वायुनौका तेथे जेमतेम तीन मिनिटे टिकली. प्रवाशांची चढउतार त्या स्तंभावर कधीच झाली नाही.

पुढे हेलिकॉप्टरने हा प्रश्न नव्याने उपस्थित केला. त्यास धावपट्टी लागत नाही, आणि दोन एंजिने असल्यास एक बंद पडले तरी दुसऱ्याचा आधार राहतो. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल रेल्वेस्थानकाला लागूनच १९६३ मध्ये ५९ मजल्यांची, २४६ मीटर उंचीची पॅन अ‍ॅम इमारत उघडण्यात आली. एमरी रॉथ अँड सन्स या संस्थेबरोबर वॉल्टर ग्रोपियस व पिएत्रो बेलुस्की यांचा तिच्या रचनेत वाटा होता. डिसेंबर १९६५ पासून तिच्या छतावरून केनेडी विमानतळापर्यंत दुहेरी एंजिनांच्या हेलिकॉप्टरांची सेवा सुरू झाली. तळाशी आगगाडी, मध्ये कचेऱ्या आणि माथ्यावर हवाई स्थानक, असे ते जुने चित्र अखेर दगडासिमेंटात उतरले.

१९६८ मध्ये बंद झालेली ही सेवा फेब्रुवारी १९७७ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्याच वर्षी १६ मे रोजी सायंकाळी छतावर उभ्या असलेल्या हेलिकॉप्टरमध्ये प्रवासी चढत असताना, वरचा पंखा फिरत असतानाच, त्याच्या उजव्या चाकाचा आधार मोडला व ते कुशीवर कलंडले. पात्यांच्या आघाताने छतावरील चार जण मरण पावले. तुटलेल्या पात्याचा एक तुकडा खाली रस्त्यावर गेला आणि तेथे चालणारी एक स्त्री प्राणास मुकली. पुन्हापुन्हा पडणाऱ्या भाराने धातूत सूक्ष्म चीर वाढत जाते, तिला धातूची श्रांती म्हणतात. हेच कारण चौकशीत निष्पन्न झाले. त्यानंतर छतावरील उड्डाणे कायमची थांबली. ती इमारत आज मेटलाइफ या नावाने ओळखली जाते.

हा दोष उंचीमुळे उत्पन्न झाला नव्हता. तो जमिनीवरच्या विमानतळावरही उद्भवू शकला असता. पण विमानतळाभोवती मोकळी भूमी राखलेली असते. छताभोवती अशी भूमी नसते. तिची जागा रस्ता घेतो. हवेचा विरोध वगळल्यास २४६ मीटरवरून सुटलेली वस्तू सुमारे सात सेकंदांत तळाशी पोहोचते आणि तेव्हा तिचा वेग ताशी २५० किलोमीटरच्या घरात असतो. प्रवासी तिकीट घेताना काही प्रमाणात धोका पत्करतो. पादचाऱ्याने तसे काहीच पत्करलेले नसते.

लाभाचा हिशेबही तपासणे आवश्यक आहे. २५ आसनांचे वाहन दर दहा मिनिटांनी सुटले आणि प्रत्येक वेळी पूर्ण भरले, तरी तासाला १५० माणसे जातात. त्याच इमारतीच्या पायथ्याशी एकेक आगगाडी याहून कितीतरी अधिक प्रवासी आणते. म्हणजे वेळ वाचतो तो थोड्यांचा. आवाज व धोका मात्र सर्वांच्या वाट्यास येतो.

आता विजेवर चालणारी, सरळ वर चढणारी वाहने विकसित होत असल्याने हा विषय पुन्हा चर्चेत आला आहे. अनेक लहान पंखे असल्यामुळे त्यांपैकी एखादा निकामी झाला तरी वाहन सावरता यावे, अशी त्यांची रचना असते. तथापि विद्युत्घटांचे वजन व त्यांना लागणाऱ्या आगीचे भय हे नवे प्रश्न आहेत, आणि छतावरचे भोवरे जसेच्या तसे आहेत. २०२२ मध्ये युरोप व अमेरिका येथील विमान-सुरक्षा संस्थांनी अशा तळांच्या रचनेविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. युरोपीय तत्त्वांत तळावर नरसाळ्याच्या आकाराचे निर्वेध आकाश राखण्याची कल्पना आहे. दाट वस्तीत असे आकाश राखावयाचे म्हणजे शेजारच्या इमारतींच्या उंचीवरही बंधन आले.

सारांश, अशा इमारतीचा आराखडा तिच्या भिंतींपाशी संपत नाही. छताखालील तुळयांवर येणारा भार जसा मोजावा लागतो, तसाच त्या छतावरून काही निसटल्यास ते कोठवर जाईल, हेही मोजावे लागते. आणि तेवढ्या परिसरातील रस्ता हा त्या आराखड्याचाच भाग मानावा लागतो.