देश नाही, पण ऑडिटर आहे

मैसूरहून कोडगूच्या दिशेनं निघालं, की साधारण 80 किलोमीटरवर, पिरियापट्टण तालुक्यात बैलकुप्पे लागतं. पर्यटक नामद्रोलिंग मठातल्या सोनेरी मूर्ती बघतात, मोमो खातात आणि परततात. तिथल्या तिबेटी सहकारी सोसायटीचं दप्तर बघायला कोणी जात नाही. मला मात्र मूर्तींपेक्षा त्या दप्तराचंच नवल जास्त वाटतं, कारण त्याला दोन सत्तांपुढे हिशेब द्यावा लागतो. एक कर्नाटक सरकार, 1959च्या सहकार कायद्याखाली. दुसरी सत्ता धर्मशाळेतलं निर्वासित तिबेटी प्रशासन, ज्याला सरकार म्हणून एकाही देशाची मान्यता नाही!

या प्रशासनाचं स्वतंत्र महालेखापरीक्षक कार्यालय आहे. प्रशासनाची खाती आणि त्यांची उपकार्यालयं तर ते तपासतंच, शिवाय सहकारी सोसायट्या, शाळा, दवाखान्यांचे जमाखर्चही पाहतं. बेरजा जुळल्या की काम संपलं, असंही नाही. कारभार कार्यक्षम होता का, खर्च उचित होता का, यावरही त्यांनी बोलायचं असतं. आता गंमत पाहा. कुठल्याही ऑडिटरच्या शेऱ्याला वजन येतं ते मागं उभ्या असलेल्या कोर्टामुळं आणि पोलिसांमुळं. धर्मशाळेकडं ना तुरुंग, ना फौजदार. मग या शेऱ्याला भितं कोण?

उत्तरासाठी आधी बुडालेल्या सोन्याकडं जावं लागतं. 1950 साली चिनी फौजा तिबेटात शिरल्या, तेव्हा दलाई लामांच्या खजिन्यातलं सोनं-चांदी सिक्कीमला नेऊन ठेवलं होतं. 1959 नंतर ते कलकत्त्यात आणून विकलं गेलं आणि पैसा धंद्यांत गुंतवला गेला. त्यात लोखंडी पाइपांचा एक कारखानाही होता. धंदे बसले आणि रकमेचा मोठा भाग बुडाला. दलाई लामांनी आत्मचरित्रात हे स्वतःच सांगितलं आहे. तो पैसा वरून आलेला होता. कोणा सभासदानं खिशातून काढून दिलेला नव्हता.

1972 पासून पैसा खालूनही येऊ लागला. प्रत्येक तिबेटी माणसानं दरवर्षी प्रशासनाला ऐच्छिक वर्गणी द्यायची आणि तिची नोंद आपल्या हिरव्या पुस्तकात करून घ्यायची, अशी पद्धत पडली. वर्गणीला ते ‘छात्रेल’ म्हणतात. रक्कम किरकोळ, पण निर्वासितांच्या निवडणुकीत मत द्यायचं किंवा मुलासाठी शिष्यवृत्ती मागायची, तर या पुस्तकातली वर्गणी चुकती असावी लागते. म्हणायला ऐच्छिक, पण पुस्तक कोरं ठेवून समाजात वावरणं अवघड. आणि ज्यानं पावती घेतली, तो उद्या प्रश्नही विचारतो. माझ्या मते शेऱ्याची भीती आहे ती या पावतीवाल्यांची.

निर्वासित तिबेटींच्या 1991च्या सनदेनं याला चौकट दिली: संसद, न्याय आयोग, आणि निवडणूक, लोकसेवा व लेखापरीक्षण यांची स्वतंत्र कार्यालयं. संसदेत 45 सदस्य, अंदाजपत्रक मार्चच्या अधिवेशनात, शिवाय लोकलेखा समितीही. मंडळाच्या वार्षिक सभेत बटाटेवड्याच्या वासात पाच मिनिटांत ताळेबंद मंजूर करणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे जरा जपूनच ऐकावं. अर्थात तिथंही सगळं गोडीगुलाबीनं चालत नाही. 2021च्या मार्चमध्ये संसदेनं न्याय आयोगाच्या तिघांना पदावरून दूर केलं. मग नव्या सदस्यांनी शपथ कशी घ्यायची यावर दोन तट पडले आणि संसद ऑक्टोबरपर्यंत अडून राहिली. त्याच वर्षी प्रशासनाचे प्रमुख म्हणून निवडून आलेले पेन्पा त्सेरिंग हे बैलकुप्प्यातच जन्मलेले.

या वसाहतींचा आणखी एक धागा मात्र थेट आपल्या गावांपर्यंत येतो. मैसूर राज्यातल्या तिबेटींचं पुनर्वसन करायला 1968 साली एक संस्था निघाली: मैसूर रिसेटलमेंट अँड डेव्हलपमेंट एजन्सी, म्हणजेच मायराडा. पुनर्वसनाचं काम आवरत आलं तशी ती कर्नाटकातल्या गरीब गावांकडं वळली आणि तिथं तिनं सहकारी सोसायट्या उभ्या केल्या. 1984-85च्या सुमारास त्यांतल्या कित्येक कोलमडल्या. कारभार ढिसाळ होता आणि पुढाऱ्यांवर सभासदांचा भरवसा उरला नव्हता. 

खरी गोष्ट पुढंच घडली. सोसायटी मोडली म्हणजे कर्जही बुडालं, असंच कोणीही धरून चालेल. पण सभासदांच्या लहान लहान टोळ्या मायराडाकडं आल्या आणि म्हणाल्या, कर्ज आम्ही फेडतो, पण तुमच्याकडं. एका माणसाच्या मुठीतल्या सोसायटीकडं नाही. दुसरी एखादी संस्था पैसे घेऊन मोकळी झाली असती. मायराडानं सांगितलं, ते पैसे आपसातच फेडा. बचतही तिथंच, कर्जही तिथलंच. गट पंधरा-वीस जणांचा, आधीपासून एकमेकांवर विश्वास असलेल्यांचा. वही सगळ्यांसमोर उघडायची, कोणाचा हप्ता आला नि कोणाचा थकला ते सगळ्यांनी ऐकायचं. वाचता न येणाऱ्या बाईलाही आपली शिल्लक तोंडपाठ असते, कारण ती दर बैठकीत तिच्या कानावर पडते. मोठ्या सोसायटीत ऑडिटर वर्षातून एकदा येतो; इथं तो दर बैठकीला हजर, आणि एकटाही नसतो.

1982 साली मायराडाची धुरा हाती घेतलेल्या अलॉयसियस फर्नांडिस यांनी हा इतिहास लिहून ठेवला आहे. 1987 साली नाबार्डनं या गटांच्या बचतीला जोड म्हणून मायराडाला 10 लाख रुपये दिले. 1992 साली नाबार्डनं देशभरातले 500 गट थेट बँकांशी जोडण्याचा प्रयोग हाती घेतला. गटाची नोंदणी नसली तरी चालेल. बँकेनं वही बघावी आणि कर्ज द्यावं. तारण म्हणून काय? तर नियमानं लिहिलेला जमाखर्च. तारणाशिवाय दारात उभं न करणाऱ्या बँका यावर राजी झाल्या, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

हेच आपले बचत गट. महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळानं (‘माविम’) आणि इतरांनी ते गावोगाव नेले. बैलकुप्प्याचं एक भावंडही आपल्याकडं आहे: गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळची नोर्ग्येलिंग तिबेटी वसाहत, 1972 सालची. तिथले कितीतरी जण हिवाळ्यात स्वेटर विकायला शहरांत उतरतात. माल लुधियानाच्या घाऊक व्यापाऱ्यांकडून उधारीवर उचललेला असतो. हंगाम संपला की आधी ती उधारी चुकती होते, आणि छात्रेलची पावती वेगळी.