उरेब कापड आणि सायकलची फ्रेम

एक सुती रुमाल घ्या आणि धाग्याच्या रेषेत ओढा. तो हलत नाही. आता समोरासमोरचे कोपरे धरून ओढा, लगेच लांबतो. सुरतच्या उधना-लिंबायतमधल्या कुठल्याही शिंप्याला हे ठाऊक असतं. तिरप्या कापडाला तो उरेब म्हणतो. लाखाच्या वर किंमत असलेल्या सायकलची फ्रेम याच गोष्टीवर उभी असते, हे मला कळलं तेव्हा मी किती तरी वेळ तो रुमालच ओढत बसलो होतो.

इथे बोलायचं ते सायक्लोक्रॉसच्या सायकलबद्दल. हा खेळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये वाढला. शेतं, चिखल, पायऱ्या; जिथे चालवता येत नाही तिथे सायकल खांद्यावर घेऊन पळायचं. 1950 साली पॅरिसला पहिली जागतिक स्पर्धा झाली. या सायकलचं हँडल रेसिंगच्या सायकलसारखं वाकडं असतं, पण टायरभोवती चिखल निसटायला जागा ठेवलेली असते. सुरतेत एकच सायकल घ्यायची, तिने रोज कामावर न्यावं, रविवारी डुमसच्या काळ्या वाळूपर्यंत, जुलैत चिखलातून आणि कधी तरी सापुताऱ्याचा घाटही चढवावा, असं वाटत असेल तर ही जात बघण्यासारखी आहे.

आधी फ्रेम. पोलाद जड आणि ॲल्युमिनियम हलकं, एवढं सगळेच सांगतात. पण ॲल्युमिनियमचं वजन पोलादाच्या साधारण एक तृतीयांश आणि ताठपणाही एक तृतीयांशच! वजनाच्या हिशेबात दोघं जवळजवळ बरोबरीत. मग ॲल्युमिनियमची फ्रेम हलकी कशी होते? नळीच्या व्यासामुळे. पत्रा तेवढाच ठेवून नळीचा व्यास दुप्पट केला, तर वजन दुप्पट होतं, पण ताठपणा आठपट. पोलादाची नळी तशी फुगवून वजन वाचवायचं तर पत्रा इतका पातळ करावा लागेल की दगड लागताच पोचा पडेल. ॲल्युमिनियमच्या फ्रेमच्या नळ्या जाडजूड दिसतात त्या यामुळे.

आणि कार्बन? तो तर धागाच आहे. स्वेटरच्या ॲक्रिलिक लोकरीच्या जवळचाच धागा ताणून धरून आधी हवेत दोन-तीनशे अंशांवर भाजतात, मग प्राणवायू नसलेल्या भट्टीत हजार अंशांच्या पुढे नेतात. बाकीचं जवळजवळ सगळं उडून जातं, कार्बन उरतो. एकेक तंतू केसाच्या दहाव्या हिश्श्याइतका बारीक. त्यांचे थर राळेत बसवताना नळी वाकू नये म्हणून काही धागे लांबीत लावतात आणि पिळू नये म्हणून काही उरेब. शिंप्याचंच ज्ञान, फक्त उलट्या बाजूने वापरलेलं. सिंथेटिक कापडाच्या या शहराशेजारी, हजिऱ्यात पोलादाचा मोठा कारखाना आहेच. तिथेच वर्षाला 20,000 टन कार्बन फायबर बनवण्याचा प्रकल्प रिलायन्सने 2022 मध्ये जाहीर केला.

तरीही पहिली सायकल घेणाऱ्याला मी कार्बनची फ्रेम सुचवणार नाही. दगडाचा ठोका बसला तर तडा आतल्या थरात राहतो, वरून दिसत नाही. खाऱ्या हवेत पोलादाला नळीच्या आतून गंज धरतो. ॲल्युमिनियमची फ्रेम आणि पुढचा चिमटा तेवढा कार्बनचा, हा जोड मला सर्वांत शहाणा वाटतो.

गिअरसाठी पुढे 40 दात्यांचं एकच चक्र आणि मागे 11 ते 42 दात्यांच्या चक्रांची कॅसेट पुरते. सर्वांत हलक्या गिअरला पायडलच्या एका फेरीत सायकल जेमतेम दोन मीटर सरकते, घाटात तेच हवं. ब्रेक डिस्कचेच घ्या. रिम चिखलाने माखली तरी ते धरतात. तेलावर चालणारे जास्त मऊ, पण तारेचे रस्त्याकडेच्या दुकानातही दुरुस्त होतात.

टायर मात्र ट्यूबलेस. वेड्या बाभळीचा काटा रुततो तेव्हा आतलं पातळ लॅटेक्स भोकाकडे धावतं आणि क्षणात गोठतं, जखमेवर खपली धरावी तसं.

स्पर्धेत टायरला 33 मिलिमीटरची मर्यादा असते, तुम्हाला नाही. म्हणून दुकानात रंग बघण्याआधी पट्टी काढा. 40 मिलिमीटरचा टायर बसून दोन्ही बाजूंना निदान सहा मिलिमीटर उरतात का आणि मडगार्ड-कॅरिअरसाठी फ्रेमला आटे आहेत का, हे बघा. नसतील तर ती सायकल कितीही हलकी असली तरी घेऊ नका.